ऑक्सिमीटर ९७ दाखवतो, तरी धाप का लागते?

प्रश्न थोडक्यात असा आहे : “आई ६२ वर्षांची आहे. दोन जिने चढली की तिला धाप लागते, मध्येच कठडा धरून थांबावं लागतं. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९७ दाखवतो. ऑक्सिजन पुरेसा असताना दम लागतो कसा? शाळेत शिकलेलं नाक, श्वासनलिका, फुफ्फुसं, वायुकोश एवढंच आठवतं. हे सगळं नेमकं चालतं कसं?”

गेली २६ वर्षं मी छातीच्या विकारांचे रुग्ण तपासतो आहे आणि या प्रश्नामागची काळजी मला रोज दिसते. ‘ऑक्सिजन चांगला आहे, काही झालेलं नाही, मनावर घेऊ नका’ असं ऐकून महिनोन्‌महिने घरी बसलेली माणसं आमच्याकडे येतात तेव्हा बराच वेळ हातचा गेलेला असतो. त्याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून उत्तर आधी देतो. धाप लागणं म्हणजे ऑक्सिजन कमी होणं नव्हे. हवा आत-बाहेर करणं हे एक काम, त्या हवेतला ऑक्सिजन रक्तात उतरवणं हे दुसरं आणि ते रक्त शरीरभर खेळवणं हे तिसरं. ऑक्सिमीटर यातल्या दुसऱ्या कामाची खबर देतो, तीही अर्धीच. धाप मात्र पुष्कळदा पहिल्या कामातल्या ओढाताणीतून येते.

एक करून पाहा. तुमची तब्येत ठणठणीत असेल तर बोटाला ऑक्सिमीटर लावा, नेहमीसारखा श्वास घ्या आणि तो रोखून धरा. अर्ध्या-पाऊण मिनिटात जीव कासावीस होईल, छाती आतून उसळ्या मारू लागेल. त्या क्षणी आकडा बघा. तो जवळपास होता तिथंच असेल. मग गुदमरवलं कोणी? साचलेल्या कार्बन डायऑक्साइडने. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि प्रीस्टली या दोघांनी १९०५ मध्ये हे दाखवून दिलं, की आपल्या श्वासाचा वेग मुख्यतः कार्बन डायऑक्साइड ठरवतो. हा वायू रक्तातून मेंदूभोवतीच्या पाण्यात झिरपतो, तिथली आम्लता किंचित वाढते आणि मेंदूच्या देठाशी असलेल्या लंबमज्जेतल्या पेशींना ते लगेच कळतं. ऑक्सिजनवर नजर ठेवणारे पहारेकरीही आहेत. मानेतली मोठी धमनी जिथे दुभंगते तिथे दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढ्या गाठी असतात. त्यांच्या कामाचा उलगडा केल्याबद्दल कॉर्नेल हेमन्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं. पण ऑक्सिजनचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत या गाठी फारसा आरडाओरडा करत नाहीत.

पोहायच्या आधी जोरजोरात श्वास घेऊन, मग पाण्याखाली दम धरून राहण्याची पैज लावणारी मुलं यामुळेच जिवाला मुकतात. त्या जोरदार श्वासांनी ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो. धोक्याची घंटा वाजायच्या आत ऑक्सिजन संपतो आणि शुद्ध हरपते. तुमच्या ओळखीत कोणी हे करत असेल तर आजच थांबवा. २०२० च्या साथीत याचंच दुसरं रूप दिसलं. ऑक्सिजन ८०-८५ वर आलेली माणसं फोनवर निवांत बोलत असत, कारण त्यांचा कार्बन डायऑक्साइड साचत नव्हता आणि अनेकांची फुफ्फुसं तोवर फारशी ताठरही झालेली नव्हती. ऑक्सिजन खाली आणि धाप नाही. तुमच्या आईंच्या बाबतीत धाप आहे आणि ऑक्सिजन जागेवर. दोन्ही खरं असू शकतं.

आता रचनेकडे येऊ. सगळ्यात मोठा गैरसमज असा, की फुफ्फुसं हवा ओढतात. फुफ्फुसांना हवा ओढता येत नाही. ओढणारा स्नायूच त्यांच्यात नाही. हवा ओढतो तो छातीचा भाता. लोहाराच्या भात्यात फळ्या दूर गेल्या की आतली जागा वाढते, दाब उतरतो आणि हवा आपसूक शिरते. छातीत फळीचं काम करतं श्वासपटल. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा बसलेला हा पातळ स्नायू श्वास घेताना आकसतो आणि घुमट सपाट होत खाली सरकतो. शांत बसलेले असताना जेमतेम दीड सेंटीमीटर, खोल श्वासात मात्र १० सेंटीमीटरपर्यंत. बरगड्या त्याच वेळी वर आणि बाहेर उचलल्या जातात. त्यांची हालचाल बादलीच्या कडीसारखी असते, कडी उचलली की ती बाजूलाही जाते. श्वास सोडायला मात्र, शांत असताना, काहीच करावं लागत नाही. ताणलेलं फुफ्फुस रबरासारखं आपलं आपण आकसतं.

छाती फुगली की फुफ्फुसही तिच्याबरोबर का फुगतं, हा प्रश्न विद्यार्थ्यांनाही अडवतो. फुफ्फुसाला दुपदरी आवरण असतं. एक पदर फुफ्फुसाला चिकटलेला, दुसरा छातीला आतून. दोहोंमध्ये केवळ चमचाभर-दोन चमचे द्रव. काचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींवर सहज घसरतात, पण उचकटून सुटत नाहीत, तसं हे नातं आहे. फुफ्फुस सतत आत आकसू पाहतं, छाती बाहेर उसळू पाहते आणि त्या रस्सीखेचीमुळे मधल्या फटीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी राहतो. त्या फटीत हवा शिरली तर फुफ्फुस मिटतं. उंच, सडपातळ तरुणांमध्ये कधीकधी फुफ्फुसाच्या वरच्या टोकावरचा फोड फुटून हे अचानक घडतं, आणि छातीत एका बाजूला कळ येऊन दम लागतो. त्या वेळी एक क्षणही दवडायचा नसतो. जाता जाता, फुफ्फुसाला स्वतःला वेदना जवळजवळ कळत नाहीत. दुखतं ते बाहेरच्या पदराला. म्हणून फुफ्फुसाचे गंभीर आजारसुद्धा बराच काळ न दुखता वाढतात.

हवेच्या वाटेबद्दल थोडक्यात सांगतो. नाक हवा गाळतं, जवळपास शरीराइतकी कोमट करतं आणि ओली करतं. स्वरयंत्राचं नाव आवाजावरून पडलं असलं तरी त्याचं मूळ काम पहारेकऱ्याचं आहे. घास गिळताना ते वर उचललं जातं, त्यावरचं झाकण वाकतं, स्वरतंतू मिटतात, आणि यात क्षणभर चूक झाली की ठसका लागतो. श्वासनलिका १० ते १२ सेंटीमीटर लांब असते. तिला घोड्याच्या नालेसारख्या कूर्चेच्या कड्या असतात, मागून उघड्या, कारण मागे अन्ननलिका आहे आणि घास उतरताना तिला फुगायला जागा लागते. पुढे दोन फांद्या फुटतात. उजवी जास्त रुंद आणि जास्त सरळ. लहान मुलाने शेंगदाणा श्वासात ओढला तर तो बहुधा उजवीकडे सापडतो.

इथून पुढचा भाग मात्र तुमच्या आईंच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. प्रत्येक फांदीला दोन, त्या दोहोंना चार, अशा साधारण २३ पिढ्या फांद्या फुटत जातात. पहिल्या १६ पिढ्या निव्वळ रस्ता आहेत, तिथे वायूंची देवाणघेवाण होत नाही. आपण अर्धा लिटर हवा आत घेतो, त्यातली सुमारे १५० मिलीलिटर या रस्त्यातच राहते आणि तशीच परत येते. उथळ, घाईघाईचे श्वास कामाला येत नाहीत ते यामुळे. प्रत्येक श्वासामागे रस्त्याची पट्टी तेवढीच भरावी लागते, पदरात पडणारी हवा तेवढी कमी होते.

नळी अरुंद झाली की अडथळा भयंकर वाढतो. व्यास निम्मा झाला तर प्रवाहाला होणारा अडथळा १६ पट. पण शेवटच्या बारीक नळ्या लाखोंच्या संख्येने असतात आणि सगळ्यांची मिळून रुंदी इतकी प्रचंड, की त्यातल्या बऱ्याच बंद पडल्या तरी एकूण अडथळ्यात फरक जाणवत नाही. धूम्रपान करणारा किंवा वर्षानुवर्षं धुरात काम करणारा माणूस ‘मला तर काहीच त्रास नाही’ असं प्रामाणिकपणे सांगतो, तेव्हा या बारीक नळ्यांचं नुकसान गुपचूप चालू असतं. त्रास जाणवू लागतो तोवर पुष्कळ काही गेलेलं असतं. माझ्या कामातली ही सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट आहे.

या नळ्यांच्या टोकांना वायुकोश. मोजदादीप्रमाणे ३० ते ५० कोटींच्या दरम्यान, आणि सगळे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रोमीटरहूनही पातळ, बऱ्याच ठिकाणी त्याच्या निम्मा. हा पसारा छातीत उघडा कसा राहतो, हे कळलं तेव्हा मी विद्यार्थी होतो आणि अजूनही ते शिकवताना मला तितकंच नवल वाटतं. प्रत्येक वायुकोशाला आतून पाण्याचा अतिपातळ थर असतो. पाण्याचा पृष्ठभाग स्वतःला आकसू पाहतो, थेंब गोल होतो तो यामुळेच. बुडबुडा जितका लहान तितका आकसण्याचा जोर जास्त. म्हणजे हिशेबाने लहान वायुकोश मिटून त्यांची हवा मोठ्यांत जायला हवी आणि दोन-चार श्वासांत फुफ्फुस बसायला हवं. तसं होत नाही, कारण वायुकोशांच्या भिंतीतल्या काही पेशी साबणासारखा एक स्निग्ध पदार्थ पाझरवतात. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. तो पाण्याचा हा ताण मोडतो, आणि वायुकोश लहान होत जातो तसा अधिकच मोडतो.

गर्भात हा पदार्थ पुरेसा तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. त्याआधी जन्मलेलं बाळ प्रत्येक श्वासाला पहिल्या श्वासाइतकेच कष्ट घेतं, बरगड्या आत खेचल्या जातात, कण्हल्यासारखा आवाज येतो, आणि ते थकून जातं. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं, की या बाळांच्या फुफ्फुसांत हा पदार्थच कमी असतो. १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि दोन दिवसही जगला नाही. तेव्हा कोणाकडेच उपाय नव्हता. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी अशा बाळांच्या श्वासनलिकेत सर्फॅक्टंट सोडून त्यांना वाचवता येतं हे जगासमोर मांडलं. मोठ्यांमध्येही हा थर अधूनमधून नव्याने पसरावा लागतो. आपण नकळत तासातून दहा-बारा वेळा एखादा दुप्पट खोल श्वास, म्हणजे उसासा घेतो. दुःखाशी त्याचा संबंध असेल तेव्हा असेल, एरवी ते मिटू पाहणाऱ्या वायुकोशांना उघडणं असतं.

आता रक्त. हृदयाची उजवी बाजू मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फुफ्फुसांत पाठवते, तेही शरीराच्या इतर भागांतल्या दाबाच्या जेमतेम पाचव्या-सहाव्या हिश्श्याने, कारण एवढा नाजूक पडदा जास्त दाब सोसणार नाही. एक तांबडी पेशी वायुकोशाच्या भिंतीपाशी पाऊण सेकंदभर असते आणि ऑक्सिजन भरून घ्यायला तिला त्यातला एक तृतीयांश वेळ पुरतो. उरलेला वेळ हा शिलकीतला. जिना चढताना रक्त वेगाने धावतं, तेव्हा ही शिल्लक खर्ची पडते. पडदा जाड झालेल्या माणसाचा ऑक्सिजन बसल्या जागी ९७ असतो आणि चालल्यावर ८८ होतो, तो असा. म्हणजे बसून घेतलेला आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. ऑक्सिमीटर चालताना, जिना चढून आल्याबरोबर लावून बघायला हवा.

दुसरी त्रुटी आणखी महत्त्वाची. ऑक्सिमीटर सांगतो की रक्तातलं हिमोग्लोबिन किती टक्के भरलेलं आहे. हिमोग्लोबिन मुळात किती आहे, हे तो सांगत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलीलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. १०० मिलीलिटर रक्तात हिमोग्लोबिन १५ ग्रॅम असेल तर त्यात सुमारे २० मिलीलिटर ऑक्सिजन, आणि ते साडेसात असेल तर १०. दोघांचाही ऑक्सिमीटर ९७ च दाखवणार. गाड्या भरून निघाल्या एवढं कळतं, गाड्या किती आहेत हे नाही. आईंच्या रक्ताची तपासणी कधी झाली होती?

मग धाप म्हणजे काय? मेंदू श्वासाच्या स्नायूंना हुकूम सोडतो आणि छातीकडून, फुफ्फुसांकडून त्याला उलट खबर मिळते की इतकी हवा हलली. हुकूम आणि हाती आलेली हवा यांचा मेळ बसला तर श्वासाकडे लक्षही जात नाही. सोडलेला हुकूम मोठा आणि हललेली हवा कमी, असं झालं की धाप जाणवते. रक्तात त्या क्षणी सगळं ठीक असू शकतं, कारण स्नायू जादा राबून ते ठीक ठेवत असतात. ९७ हा आकडा कधीकधी त्या राबण्याचं फळ असतो.

बारीक नळ्यांचा आजार असलेल्यांत तर गंमतशीर वाटावं असं पण फार छळणारं काही घडतं. श्वास सोडताना त्यांच्या नळ्या मिटतात, हवा पुरती बाहेर पडत नाही. बसलेले असताना वेळ भरपूर असतो, त्यामुळे निभतं. जिना चढताना श्वास भरभर होतो, सोडायला वेळ कमी मिळतो आणि प्रत्येक श्वासामागे थोडी हवा आत साचत जाते. छाती भरलेली, श्वासपटल आधीच सपाट, आता नवा श्वास मावणार कुठे? याची चव घ्यायची असेल तर छाती पूर्ण भरून घ्या आणि ती तशीच भरलेली ठेवून वरच्यावर छोटे श्वास घेत खोलीतून एक फेरी मारा. माणूस सांगतो, ‘श्वास आत जात नाही’. खरा दोष श्वास बाहेर न जाण्यात असतो. अशी माणसं कोणी न शिकवताही ओठ शीळ घालण्यासारखे करून हळूहळू श्वास सोडतात. त्याने नळ्यांमध्ये थोडा दाब टिकतो, त्या मिटायच्या थांबतात, आणि हवा बाहेर पडते. आईंना हे शिकवायला हरकत नाही : दोन पायऱ्या चढेपर्यंत नाकाने आत, चार पायऱ्या चढेपर्यंत ओठांतून बाहेर.

कारण हृदयातही असू शकतं. डावी बाजू कमकुवत झाली की फुफ्फुसांतल्या केशिकांमध्ये रक्त तुंबतं, फुफ्फुस ओलं आणि ताठ होतं. भारतीय शरीरक्रियाशास्त्रज्ञ अवतार सिंग पेंटल यांनी केशिकांना लगटून असलेली जी संवेदनाग्रं शोधली, त्यांना अशा वेळी चेतना मिळते आणि श्वास भरभर होतो. आडवं झाल्यावर दम लागत असेल, उशा वाढवाव्या लागत असतील, पायांवर सूज असेल, तर हृदयाची तपासणी आधी. वजन वाढलं असेल, चालणं सुटून पायांचे स्नायू दुबळे झाले असतील, तरीही धाप लागते, पण हे निदान बाकीचं तपासून झाल्यावरच करायचं. चिंतेचंही तसंच. बसल्या जागी दम लागत असेल, एक वाक्य एका दमात पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, छातीत दुखत असेल किंवा एकच पाय अचानक सुजला असेल, तर मात्र हे वाचत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

तसं काही नसेल तर या आठवड्यात हिमोग्लोबिन, हृदयाचा आलेख (ईसीजी), छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून श्वासाची हवा मोजण्याची चाचणी, करून घ्या. सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन मोजण्याची चाचणीही मागा. स्पायरोमेट्रीवर माझा सर्वांत जास्त भर आहे. जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये यासाठी पहिलं नावाजलेलं यंत्र मांडलं, आणि आजही तत्त्व तेच : छाती काठोकाठ भरायची आणि सगळा जोर लावून, थांबवेपर्यंत फुंकत राहायचं. निरोगी माणूस एकूण हवेपैकी साधारण तीन चतुर्थांश किंवा जास्त हवा पहिल्या सेकंदातच बाहेर टाकतो. नळ्या अरुंद असतील तर ते प्रमाण ७० टक्क्यांखाली येतं, मग ऑक्सिमीटर काहीही म्हणो. आईंना आधी सांगून ठेवा, की तंत्रज्ञ मोठमोठ्याने ‘अजून, अजून, सोडू नका’ असं ओरडेल, तो रागावलेला नसतो. पहिल्या फुंकीत बहुतेकांचं चुकतं, म्हणून ती निदान तीनदा करवून घेतात. घट्ट कपडे नकोत, भरल्या पोटी नको, आणि कवळी घट्ट बसत असेल तर ती काढायची नाही, कारण ओठांतून हवा निसटली तर आकडा खोटा येतो.